उभयान्वयी अव्यय

व्याकरणाच्या तासाला मुलें ज्या शब्दजातीकडे सर्वांत कमी लक्ष देतात ती म्हणजे उभयान्वयी अव्यय. नाम मिरवतें, विशेषण नटतें, क्रियापदावांचून तर वाक्य पुरेंच होत नाहीं; पण 'आणि', 'परंतु', 'म्हणून' या बिचाऱ्यांना ना लिंग, ना वचन, ना विभक्ति. परीक्षेंत त्यांच्यावर एखाद्या गुणाचा प्रश्न आला तर आला. पस्तीस वर्षें संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविल्यावर मला या उपेक्षित शब्दांविषयीं विशेष माया वाटूं लागली आहे. एक 'आणि' काढून घेतला कीं चांगलीं दोन वाक्यें एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. आजच्या लेखांत मात्र व्याकरण सांगावयाचें नाहीं. फुटबॉलच्या खेळांतील एका उभयान्वयी अव्ययाविषयीं लिहावयाचें आहे, आणि त्या निमित्तानें माझ्या हातून पूर्वीं घडलेल्या एका गोष्टीविषयींही.

जे वाचक हा खेळ क्वचितच पाहतात त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. एका बाजूस अकरा खेळाडू. त्यांतला एक गोल राखतो, तीन-चार जण त्याच्या पुढें तट धरून उभे असतात, आणि दोघे-तिघे प्रतिपक्षाच्या गोलावर चाल करून जातात. या दोहोंच्या मध्यें जे उरतात ती मधली फळी. आमच्या शाळेंत त्यांस हाफबॅक म्हणत. आतां मिडफिल्डर म्हणतात. प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घ्यावयाचा, मान वर करून आपला कोणता गडी मोकळा आहे तें पाहावयाचें, आणि चेंडू त्याच्या पायाशीं नेमका पोंचता करावयाचा, हें त्यांचें काम. नव्वद मिनिटांच्या सामन्यांत असा गडी दहा ते बारा किलोमीटर धांवतो. म्हणजे नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेचा तिसरा हिस्सा तो एका सामन्यांत तुडवितो. गोल झाला कीं लोक गोल करणाऱ्यास उचलून घेतात; गोल वांचला कीं गोलरक्षकाची पाठ थोपटतात. मधल्या गड्याचें नांव लोकांच्या तोंडीं येतें तें बहुधा त्याचा चेंडू चुकल्यावर.

मी ज्या शाळेंत शिकवीत होतों तेथें तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं असाच एक मुलगा होता. अभ्यासांत बरा, संस्कृतांत बऱ्याहून बरा. रूपें चालवितांना अडखळत नसे. जिल्ह्याच्या सामन्यांत त्याचा खेळ पाहून पुण्याच्या एका संघानें त्याला सरावास बोलाविलें. त्याचे वडील माझ्याकडे सल्ल्यास आले. मॅट्रिकनंतर कॉलेजचें तोंड न पाहिलेला, पाठशाळेंत संस्कृत शिकलेला मी. फुटबॉलमधलें मला कांहीं कळत नव्हतें. परंतु 'मला ठाऊक नाहीं' हें वाक्य शिक्षकाच्या जिभेवर फार जड असतें. मी म्हणालों, "अहो, तो गोलसुद्धां करीत नाहीं. पुढें खेळणाऱ्याचें एक वेळ नांव तरी होईल. मधल्याला कोण विचारतो? दहावीचें वर्ष आहे, अभ्यासाला बसवा." मुलानें मुकाट्यानें बूट माळ्यावर टाकले. पुढें पदविका घेऊन तो सातपूरच्या एका कारखान्यांत लागला. घरदार झालें, सुखी आहे. रस्त्यांत भेटला तर वांकून नमस्कार करतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एके सकाळीं गोल्फ क्लबच्या मैदानावर मी फेरी घालीत असतां तो भेटला. सोबत त्याचा चौदा वर्षांचा मुलगा, हातांत चिखलानें माखलेले बूट. "गुरुजी, हाही मधल्या फळींतच खेळतो," तो हंसत म्हणाला. मग मुलाला थोडें पुढें पाठवून त्यानें खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या गांवच्या एका निवासी प्रशिक्षणकेंद्रानें मुलाची निवड केली होती. घरांतून विरोध होता. त्याचें स्वतःचें मन दोन्हीकडे ओढ घेत होतें. "तुम्ही सांगाल तसें करतों," असें तो म्हणाला आणि माझ्या छातींत धस्स झालें. तोच प्रश्न, त्याच माणसापुढें! या खेपेस मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्यांत जें वाचलें व विचारून घेतलें तें येथें मांडतों. कारण हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या ओटीवर पुढें-मागें येणार आहे.

प्रथम इंग्लंडांत पाहूं, कारण धंदेवाईक फुटबॉलची घडी तेथेंच बसली. तेथील लीग १८८८ सालीं बारा संघांनीं सुरू केली. पैकीं सहा एकट्या लँकाशायर परगण्यांतले. आज अगदीं वरच्या प्रीमियर लीगमध्यें वीस संघ आहेत, आणि त्यांच्याच खेळाडूंचीं चित्रें आपल्या मुलांच्या खोल्यांत लागतात. पण त्या विसांच्या खालीं तीन पायऱ्यांवर चोवीस-चोवीस असे आणखी बहात्तर संघ आहेत, आणि त्यांच्याही खालीं गांवोगांवचे शेंकडों. या तीन पायऱ्यांवरील प्रत्येक संघाला एका हंगामांत लीगचेच शेहेचाळीस सामने खेळावे लागतात. तेथला मधल्या फळीचा गडी कसा जगतो? करार वर्षा-दोन वर्षांचा. गुडघा दुखावला कीं पुढला करार टांगणीस लागला. संघास बढती मिळाली तर त्याच्याहून सरस गडी आणून त्याला बाजूस सारतात. संघ घसरला तर पगाराचा खर्च कमी करण्यासाठीं प्रथम त्यालाच निरोप मिळतो. एकाच आयुष्यांत त्याला पांच-सहा गांवें करावीं लागतात. पैशाचें म्हणावें तर १९६१ पर्यंत तेथें नामांकित खेळाडूलाही आठवड्यास वीस पौंडांहून अधिक वेतन देण्यास मनाई होती. पस्तिशीच्या सुमारास खेळ संपतो. मग कोणी प्रशिक्षक होतो, कोणी दुसरा व्यवसाय धरतो. असें असूनही पंधरा वर्षें आणि चारशें-पांचशें सामने अशी कारकीर्द तेथें सामान्य गड्यालाही लाभूं शकते.

हें कशामुळें शक्य होतें? याचें उत्तर गड्याच्या पायांत जितकें आहे तितकेंच गांवांत आहे. लँकाशायरमध्यें ॲक्रिंग्टन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथला ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा संघ कर्जांत बुडून १९६२ सालीं मध्येंच लीग सोडून गेला आणि १९६६ सालीं पार मोडला. दोनच वर्षांनीं, १९६८ सालीं, त्याच गांवीं त्याच नांवाचा संघ पुन्हां उभा राहिला, आणि तळच्या पायरीपासून चढत चढत २००६ सालीं लीगमध्यें परत आला. लीग सोडल्यापासून चव्वेचाळीस वर्षें लागलीं! त्याच्याच शेजारच्या ब्लॅकबर्नची गोष्ट आपणांस अधिक जवळची आहे. १८७५ सालीं स्थापन झालेला तेथील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा संघ २०१० सालीं पुण्याच्या कुक्कुटपालन-व्यवसायांतील वेंकीज या उद्योगानें विकत घेतला. १९९५ सालीं देशाचें विजेतेपद मिळविलेला हा संघ २०१२ सालीं वरच्या लीगमधून घसरला, २०१७ सालीं तिसऱ्या पायरीवर उतरला आणि पुढल्याच वर्षीं दुसरीवर परतला. तेथील प्रेक्षकांनीं पुणेकर धन्यांचा निषेध करण्यांत कसूर केली नाहीं. पण धनी बदलला, पायरी बदलली, तरी संघ गांवांतून उठून गेला नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईचा स्टीव्हन डायस हा आपल्या प्रांतांतला मधल्या फळीचा नामांकित गडी. उजव्या बाजूनें चेंडू आणून तो गोलापुढें नेमका टाकण्याबद्दल त्याची ख्याति होती. २००८ सालीं दिल्लीस झालेल्या ए. एफ. सी. चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यांत भारतानें ताजिकिस्तानवर चार विरुद्ध एक असा विजय मिळविला. तीन गोल सुनील छेत्रीचे, एक बायचुंग भुतियाचा. या विजयामुळें २०११ च्या आशिया चषकाचें दार सत्तावीस वर्षांनीं भारताला उघडलें. छेत्रीचे तीन गोल खेळप्रेमींना आठवतात. मुंबईचा डायस त्या संघांत होता, आणि पुढें दोह्यास गेलेल्या संघांतही होता, हें मात्र माझ्या ओळखीच्या एकाही गृहस्थास सांगतां आलें नाहीं. उभयान्वयी अव्ययाचें नशीब तें हेंच.

पण मला अधिक खुपली ती गोष्ट निराळी. डायस ज्या महिंद्र युनायटेडकडून खेळत असे तो मुंबईचा संघ २००५-०६ सालचा राष्ट्रीय लीगचा विजेता. २०१० सालीं तो बंद करण्यांत आला आणि खेळाडू पांगले. डायस गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेला. हा एखादाच अपवाद असता तर बोलण्याचें कारण नव्हतें. पुणे एफ. सी. हा संघ २००७ सालीं निघाला, २०१२-१३ सालीं देशांत दुसरा आला, आणि दहा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच मोडला. पुण्याचाच भारत एफ. सी. एक हंगाम टिकला. मुंबई एफ. सी. २००७ सालीं जन्मला, २०१७ सालीं संपला. २०१४ सालचा पुणे सिटी २०१९ सालीं बंद पडून त्याच्या जागीं हैदराबादचा संघ आला. त्या हैदराबादनें २०२२ सालीं लीग जिंकली, आणि २०२५ सालीं तोही नांव बदलून दिल्लीस गेला. त्याच वर्षीं देशांतील वरची लीगच नेहमींच्या वेळेस सुरू झाली नाहीं, आणि कांहीं संघांनीं खेळाडूंचें वेतन तहकूब ठेवलें. इंग्लंडांतला सामान्य गडी एक पायरी घसरला तर खालच्या पायरीवर पाय टेकतो. आमच्याकडे पाय टेकण्यापूर्वींच पायरी काढून घेतली जाते.

तरीही मधल्या फळीचा माणूस सहजासहजीं हार मानीत नाहीं, याचेंही उदाहरण आपल्या मुंबईंत आहे. खालिद जमील हा महिंद्र, एअर इंडिया व मुंबई एफ. सी. या संघांतून मधल्या फळींत खेळला. खेळाडू म्हणून त्याचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. २००९ पासून सात वर्षें तो मुंबई एफ. सी. चा प्रशिक्षक होता. २०१६ सालीं तेथून सुटून तो मिझोरमच्या ऐजॉल संघाकडे गेला. हा संघ आदल्या हंगामांत घसरणीच्या जागीं आला होता आणि कसाबसा लीगमध्यें राहिला होता. २०१७ च्या एप्रिलमध्यें याच संघाला जमीलनें देशाचें विजेतेपद मिळवून दिलें. आणि त्याच हंगामांत मुंबई एफ. सी. तळाशीं गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्यें जमीलची भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. डायसनेंही पुढें जमशेदपूरच्या संघांत साहाय्यक प्रशिक्षकाचें काम केलें. मला यांत नवल वाटत नाहीं. जो मध्यें उभा राहतो त्याला पुढचें व मागचें दोन्ही पाहण्याची संवय लागते. आणि शिकविणाऱ्याला याहून दुसरें काय लागतें?

मग ॲक्रिंग्टनसारखें गांव आपल्या प्रांतांत नाहींच काय? आहे, तें कोल्हापूर. तेथें फुटबॉल वाढला तो तालमींच्या आणि मंडळांच्या अंगणांत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडीचें क्रीडामंडळ. हीं नांवें कंपन्यांचीं नव्हेत. शाहू स्टेडियमवर सामना असला कीं घरचें कार्य असावें तशीं त्या त्या पेठेंतलीं माणसें लोटतात. या प्रेमाला दोषही आहेत. समर्थकांची हाणामारी होऊन सामने थांबविण्याची पाळी आलेली आहे, आणि परदेशी गडी आणण्याची चुरसही लागते. पण हिशोब जुळला नाहीं म्हणून तालीम परगांवीं निघून जात नाहीं. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकांत आघाडीस खेळला. भारत तिन्ही सामने हरला. पण मुलगा थांबला नाहीं. इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबादचा विजेता संघ असे मुक्काम त्यानें केले, आणि २०१९ सालीं ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठींही तो जाऊन आला. यांपैकीं ॲरोज २०२२ सालीं बंद झाला. हैदराबादचें वर सांगितलेंच आहे. जमशेदपूर टिकून आहे. आणि जेथून तो निघाला तें कोल्हापूरचें मैदान टिकून आहे.

महिना संपला. बापलेक माझ्या घरीं आले. मुलाची आईही आली, हें मला विशेष बरें वाटलें. मीं त्यांस तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : त्या केंद्रांत मुलाची शाळा कोणती, कोण शिकवितें, आणि पाय मोडला तर पुढें काय, हें लेखी विचारून घ्या. तोंडीं उत्तरावर भिस्त ठेवूं नका. दुसरी : ती संस्था किती वर्षांची आहे आणि पांच वर्षांपूर्वीं तेथें गेलेलीं मुलें आज काय करतात, याचा शोध घ्या. ज्यांचीं चित्रें भिंतीवर लाविलीं आहेत त्यांची चौकशी नको. ज्यांचीं लाविलीं नाहींत त्यांची करा. तिसरी : उत्तरें समाधानकारक आलीं तर अठराव्या वर्षापर्यंत त्याला मनापासून खेळूं द्या, आणि दर सहा महिन्यांनीं 'किती गोल केलेस?' असें विचारूं नका. आईनें खर्चाचें विचारलें, सुट्यांचें विचारलें, जेवणाचें विचारलें. आधीं आपण स्वतः जाऊन तें केंद्र पाहावें आणि मग ठरवावें, असें तिनें सांगितलें. मला तें माझ्या तिन्ही गोष्टींहून शहाणपणाचें वाटलें.

मग राहिलेली चौथी गोष्ट मीं माझ्या जुन्या विद्यार्थ्याला सांगितली. "तेव्हां तुला न पाठविण्याचा सल्ला चुकलाच असें मी म्हणत नाहीं," मी म्हणालों. "तूं गेला असतास तर तुझाही संघ मोडला असता, कोणास ठाऊक. पण मीं जें कारण दिलें तें मात्र खोटें होतें. 'मधल्याला कोण विचारतो' हें कारण नव्हे. तो माझा उर्मटपणा होता." तो कांहीं वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "गुरुजी, बूट माळ्यावर टाकल्याचें मला फारसें वाटलें नाहीं. तुम्हीं माझा एकही सामना पाहिला नव्हता, याचें वाटलें."

वाचकहो, यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मी स्वतः पस्तीस वर्षें मधल्याच वर्गांना शिकविलें; मुख्याध्यापक झालों नाहीं, माझ्या नांवाचा फलक कोठें लागला नाहीं. असें असूनही मधल्या माणसाची किंमत मला कळूं नये! आपली दृष्टीच अशी झाली आहे. आपल्याच जिल्ह्यांतील तळेगांव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें एकट्यानें नाव वल्हविण्याच्या शर्यतींत तेरावा आला. 'तेरावा' म्हटल्याबरोबर आपण मान फिरवितों. साऱ्या जगांत तेरावा, हें मनांत येत नाहीं. उद्योगपर्वांत भीष्म दोन्ही सैन्यांतील रथी-अतिरथी मोजूं लागले, तेव्हां 'अर्धरथी' म्हटल्याचा कर्णासारख्या वीराला केवढा राग आला! आपणही घरांत, शाळेंत, कचेरींत अशीच मोजणी करीत बसतों. मात्र ज्यांचीं नांवें त्या यादींत आलींच नाहींत त्यांच्यावांचून अठरा दिवस तें युद्ध कोणी चालविलें असतें?

पुढल्या रविवारीं मी त्या मुलाचा सामना पाहावयास गेलों. उन्हांत उभें राहून पाहण्यास बसावयाची जागा नव्हती, आणि पहिला अर्धा तास कोण कोणाकडे चेंडू देतो तेंही मला उमगेना. मग वडिलांनीं सांगितल्याप्रमाणें चेंडूकडे न पाहतां त्या एका मुलाकडे पाहूं लागलों. एकदां त्यानें चेंडू घेतला, मान वर केली, आणि डाव्या बाजूस कोणाचेंही लक्ष नसलेल्या एका लहानखुऱ्या मुलाच्या पायाशीं तो अलगद नेऊन ठेवला. त्या मुलानें पुढें गोल केला. सगळे त्याच्याकडे धांवले. आमचा मुलगा मात्र आपल्या जागीं परत चालला होता. मीं टाळी वाजविली तेव्हां त्यानें दचकून मागें पाहिलें. बाजूला त्याचे वडील उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. त्या रविवारपासून मी दर आठवड्यास जातों.